रुमालाची घडी

बाई, काल मी या वयात पुन्हा तुमच्या आवडत्या परीक्षेला बसले. आमच्या कंपनीत पुठ्ठ्याची खोकी बनतात. मी इतकी वर्षं पॅकिंगला उभी. गुडघे पार कामातून गेलेत. नमुन्याची खोकी बनवायच्या टेबलावर, बसून करायच्या कामाची, एक जागा निघाली आणि साहेब म्हणाले, चाचणी द्या. चाचणीसाठी राहू गावाहून एसटीनं शिरूरला गेले. स्क्रीनवर घडी घातलेला कागद आणि त्याला एक भोक. उलगडल्यावर भोकं कुठं कुठं दिसतील? 

केंदूरच्या शाळेत स्कॉलरशिपच्या जादा तासाला तुम्ही असेच प्रश्न घालायचात. शेजारची डोळे मिटायची की तिला उत्तर दिसायचं. मी तिच्या पाटीत डोकावले आणि तुम्ही माझा कान धरलात. "दुसऱ्याचं बघून लिहायचं नाही. परत दिसलीस तर वर्गाबाहेर." मी रडत म्हणाले, "डोळं मिटलं की मला कायबी दिसत न्हाई, बाई. निस्ता अंधार." तुमचा राग कुठल्या कुठं गेला. नाताळ जवळ आला होता. घरच्या चांदणीसाठी घेतलेला पतंगाचा कागद तुम्ही पिशवीतून काढलात, घड्या घातल्यात, कात्रीनं टोचलंत आणि माझ्या नाकासमोर एकेक घडी सावकाश उघडलीत. "डोक्यात होत नाही तर हातानं कर की. सगळ्यांनी एकाच वाटेनं कशाला जायचं?" पण परीक्षेत जादा कागद कोण देणार? तुम्ही कमरेचा रुमाल काढून माझ्या हातात ठेवलात. "रुमालाला कोण अडवतंय?" आणि तुम्ही स्वतः? उत्तरं तपासताना कोंबडीसारखी मान वाकडी करून बघायचात. आम्ही तोंडावर हात ठेवून हसायचो. स्कॉलरशिप काही मिळाली नाही, गणितानं घात केला. पण घड्यांची सगळी उत्तरं बरोबर आली.

तोच रुमाल काल पेटीतून काढून नेला होता. दारातला वॉचमन म्हणाला, "मोबाइल, पर्स, रुमाल, सब बाहर रखो." "अरे भाऊ, घाम कशानं पुसू?" तर म्हणे, "अंदर एसी है." आत शेजारचा पोरगा हवेत बोट फिरवतोय, पुढची मुलगी कोपरे मोजत चुकीची उत्तरं बाद करतेय. मी रिकाम्या हातानं बसलेली, डोळे मिटले तर अंधारच. आणि मग त्या अंधारात तुमची बोटं दिसली, बाई, नखात खडू अडकलेली. एकेक घडी उघडत होती, तशीच, सावकाश. मला रडू आलं, पण घड्याळ चालू होतं.

आज साहेबांचा फोन आला. सोमवारपासून टेबलावर बसायचं. घरात सगळ्यांना सांगितलं, मला जमलं. तुम्ही तर देवाघरी, हे पत्र कुठं धाडणार, त्याच रुमालात घडी करून ठेवते. तुम्हाला तेवढं खरं सांगते, बाई. मला अजूनही एकटीला काही दिसत नाही. काल मी तुमचं बघून लिहिलं.