माझा मेल-सर्व्हर आणि हिचे पडदे

२ जून, सकाळ
आजवर स्वतःच्या हातांनी केलेल्या गोष्टी : पुस्तकांचं कपाट. हिच्या शिलाई मशीनला बसवलेली मोटर. हिच्या पडद्यांच्या धंद्याची वेबसाइट. आणि जुन्या कॉम्प्युटरमधून उभा केलेला घरचा मेल-सर्व्हर. हवा खेळायला मागे अकरा भोकं पाडली आहेत, सगळी एका मापाची. कुणी शिकवलं? कुणीही नाही. कारखाना बंद झाल्यापासून घरीच असतो, त्यामुळे देखरेखही चोख.
संकल्प : या घरात फुकटचा मेल कुणी वापरायचा नाही. हिच्या ऑर्डरीही माझ्याच सर्व्हरवर येणार. फुकट देणारा काहीतरी उचलून नेतोच.

५ जून
विजेचं बिल ऑनलाइन भरायला बसलो. आधी मी रोबो नाही हे सिद्ध करा म्हणे. सिग्नल असलेले चौकोन निवडा. सिग्नलचा खांब हा सिग्नलचाच भाग, म्हणून खांबाचेही चौकोन धरले. नापास. परत तेच धरले. परत नापास. हिने कणकेच्या हाताने चार चौकोन दाबले. पास. म्हणाली, अहो, एवढा विचार माणसं करत नाहीत.

६ जून
पासवर्ड विसरलो. पहिल्या शिक्षकाचं नाव विचारलं. उत्तर 'मी' दिलं होतं की 'मीच', ते आठवेना. खातं चोवीस तास बंद.

१० जून
सर्व्हरवर पहारेकरी बसवला. म्हणजे स्पॅम अडवणारा प्रोग्राम, संपूर्ण माझा. अनोळखी माणसाच्या मेलमध्ये 'तातडीचं', 'ऑफर' किंवा एकापेक्षा जास्त उद्गारचिन्हं असली की मेल नष्ट. स्पॅमची पेटी ठेवलीच नाही. कचरा जपून कशाला ठेवायचा?

१७ जून
आठवड्यात स्पॅम शून्य. एकूण मेलही शून्य. शांतता. जेवलो. भाजी कसली होती, लक्षात नाही.
ही म्हणाली, अहो, एकही ऑर्डर नाही. मी म्हटलं, बाजार थंड आहे. ती म्हणाली, बाजार थंड आहे की तुमचा तो मेलचा डबा?

२४ जून
मुलींच्या वसतिगृहाच्या मॅनेजरबाई सगळ्या खिडक्यांचे पडदे हिच्याकडूनच शिवून घेणार, असं फोनवर ठरलं होतं. मापं मेलने येणार होती. या कामाच्या भरवशावर हिने साठवलेले पैसे घालून निळ्या कापडाचे तागे आणून ठेवलेत. पलंगावर तागे, आम्ही खाली.
कन्येचा फोन. तिला पहारेकऱ्याची कल्पना आहे. म्हणाली, बाबा, त्याला पगार किती देता? फारच मन लावून काम करतोय. मी म्हटलं, टिंगल करायला अक्कल लागत नाही. फोन हिच्याकडे दिला. दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या.
नियम सैल करण्याचा प्रश्नच नाही. आज दोन सैल, उद्या सगळेच.

१ जुलै, दुपार
मॅनेजरबाई स्वतः आल्या. हिने दिलेला कापडाचा नमुना परत करायला. म्हणाल्या, ताई, तीन मेल टाकले, एकालाही उत्तर नाही. मुली उघड्या खिडक्यांत किती दिवस राहणार? काम दुसरीकडे दिलं. मेलचा विषय काय होता, ते मी विचारलं. 'तातडीचं : पडदे!!!' असा होता. मी त्यांना समजावलं, की एका वाक्याला एक उद्गारचिन्ह पुरतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे.
त्या गेल्यावर हिने चहा केला, बिनसाखरेचा. मी साखर मागितली नाही. पहारेकऱ्याने नियमाप्रमाणेच काम केलं, एवढं नोंदवून ठेवतो.

२ जुलै
हिने फोनवर फुकटचं मेल खातं उघडलं. भाजीला फोडणी देता देता. वेबसाइटवरचा पत्ता मलाच बदलायला लावला. बदलला. अक्षरांचा आकार मात्र मी ठरवला तोच.

१९ जुलै
हिचा फोन दिवसभर टुणटुणतो. निळ्या तागांतले निम्मे गेले. मदतीला शेजारच्या वहिनी येतात. घरात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून मी गॅलरीत बसतो.
सर्व्हर सुरू आहे. आजपर्यंत एकदाही बंद पडलेला नाही. हिरवा दिवा लागतो, विझतो, लागतो. बघत बसलो. संध्याकाळ झाली.

२८ जुलै
चार दिवसांपूर्वी कन्येला माझ्या सर्व्हरवरून मेल पाठवला होता. आज तिचा फोन. बाबा, तुमचा मेल माझ्याकडे स्पॅममध्ये पडला होता. मी म्हटलं, असं होय.

३ ऑगस्ट
ही समोर येऊन बसली. गिऱ्हाइकाशी बोलते त्या आवाजात बोलली. अहो, लोकांच्या मेलना उत्तरं द्यायला मला वेळ पुरत नाही. तुम्हाला शब्द न् शब्द तपासायची सवय आहे. बाहेरचा माणूस ठेवण्यापेक्षा तुम्हीच बसा. फक्त कुणाच्या शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या नाहीत. मी विचारलं, कुठल्या खात्यावरून? ती म्हणाली, माझ्या.
तत्त्वाचा प्रश्न होता. नाही म्हटलं. ती बरं म्हणाली आणि वहिनींना हाक मारली.
नाकारलेलं काम : हिच्या फुकटच्या मेलवर रोज सकाळी दोन तास, गिऱ्हाइकांना उत्तरं देणं. महिना सहा हजार.