आपल्या घरात दात टिकत नाहीत

२६ सप्टेंबर

पुन्हा रक्त! या खेपेला नाशपातीवर. पांढऱ्या गरात लाल रेघ. ती बाजू पटकन माझ्याकडे वळवली, फर्गल समोरच पेपर वाचत बसला होता. या वयात नवऱ्यापासून काय लपवायचं? पण लपवली. ब्रश करताना येतं ते बरं, बेसिन धुऊन टाकता येतं.

बेसिनवरच्या खिडकीत आईचा पेला. आत तिची कवळी. समजायला लागल्यापासून रोज सकाळी पाहत आले आहे. आज मात्र बघवेना. टॉवेल टाकला वर.

२७ सप्टेंबर

खालचे पुढचे दोन दात जिभेनं ढकलले की हलतात. दिवसभर ढकलतेच आहे.

१ ऑक्टोबर

फर्गलनं उशीवरचा डाग पाहिला.

"हे काय गं, अट्रॅक्टा? रात्री कोणाला चावलीस?"

हसले मी — ओठ मिटून. मग एकदम लक्षात आलं, अगदी आईसारखं हसले.

आईच्या लग्नाआधी तिचे सगळे दात काढले. सगळे! आजोबांनी स्वतः स्लायगो शहरात दातांच्या डॉक्टरकडे नेलं आणि नवी कोरी कवळी करून दिली — लग्नाची भेट म्हणून. तेव्हा तशी रीतच होती इकडे. मुलगी दिली की तिच्या दातांचा खर्च जावयाच्या माथी नको. लग्नाच्या फोटोत आईचे गाल सुजलेले आहेत. लहानपणी मला वाटायचं, आनंदानं फुगले असतील.

"नाहीतरी किडकेच होते," आई सांगायची. "आपल्या घरात दात टिकत नाहीत." मावशीही तेच म्हणायची. हे वाक्य मी जपमाळेबरोबरच पाठ केलं. म्हणून डॉक्टरकडे गेले ती फक्त दाढ ठणकली तेव्हा. नुसत्या सफाईला कधीच नाही. जे जायचंच आहे, ते घासूनपुसून काय करायचं?

आणि दुखलं, तर कॉन्व्हेंटच्या सिस्टर बेनिग्ना होत्याच — "सोस, आणि देवाला वाहून टाक." किती प्रेमानं म्हणायच्या! त्यांच्या हातांना नेहमी मेणाचा वास असायचा. पण सिस्टर, हे तर दुखतही नाही हो. त्याचीच भीती वाटते. देवाला वाहायलासुद्धा काही नाही, नुसतं रक्त.

फर्गलनं परस्पर दातांच्या डॉक्टरला फोन करून वेळ घेतली. गुरुवारची.

६ ऑक्टोबर

जाऊन आले.

दातांची सफाई करणारी मुलगी एमर. खुर्चीत बसते न बसते तोच, "तुम्ही टबरकरीकडच्या टॅन्सी घराण्यातल्या की इथल्या गावातल्या?" टबरकरीच्या म्हटल्यावर तिची आत्या माझ्या दिराची शेजारीण निघाली. मग जरा श्वास आला.

"शेवटची सफाई कधी केली होती, मिसेस टॅन्सी?"

"कधीच नाही."

रागावेल वाटलं. ती नुसती म्हणाली, "बरं झालं आलात." माझे डोळेच भरले. वेडी कुठली!

मग बारीक सळई घालून प्रत्येक दातापासून हिरडी किती खोल सुटली आहे ते मोजलं. मोठ्यानं आकडे सांगत होती, दुसरी मुलगी लिहून घेत होती — तीन, तीन, दोन, चार. चर्चमध्ये एकानं म्हणावं, दुसऱ्यानं उत्तर द्यावं तसं. पुढच्या दोन दातांशी आली आणि आवाज खाली गेला. सात. सात.

शेवटी डॉक्टर आले, पाहून गेले. "आधी पूर्ण सफाई होऊ दे. महिनाअखेरीस बघू. हिरडीनं धरलं तर उत्तम. नाहीतर हे दोन काढावे लागतील."

आज उजवी बाजू झाली. पुढच्या त्या दोन दातांमागचंही काढलं. काढलेलं कीटण तिनं दाखवलं. समुद्राच्या खडकावर शिंपले धरतात ना, तसलं. हे माझ्या तोंडात? सकाळ-संध्याकाळ ब्रश करते मी!

"ब्रशनं हे निघत नाही," एमर म्हणाली. "एकदा दगड झाला की आम्हीच लागतो."

७ ऑक्टोबर

सत्यानाश!! ते दोन दात आता जास्तच हलतात. मध्ये फट पडली आहे, जिभेला वारा लागतो. 'स' म्हणताना शीळ येते. काल सकाळी निदान उभे तरी होते.

आईला काही सांगितलं नाही.

९ ऑक्टोबर

फर्गल अंगणातल्या जुन्या भिंतीपाशी उभा होता. म्हटलं, ही आयव्हीची वेल या वर्षी तरी काढून टाक.

"खुळी का तू? वेलीवरच तर भिंत उभी आहे! वेल ओढली की धोंडे खाली."

मी तशीच आत आले. ताक घालून पाव मळत बसले, मळतच राहिले. हेच झालं माझं. त्या पोरीनं वेल ओढली! दुसरी बाजू करून घ्यायला आता जाणार नाही. ठरलं.

१२ ऑक्टोबर

नाही म्हणून कळवायला फोन केला, तर नेमका एमरनंच उचलला. घाबरून भिंतीचं सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही. आधी हसली नाही, मग खूप हसली.

"मिसेस टॅन्सी, भिंतीतला चुना कोणी खाल्ला, ते विचारलंत का मिस्टरांना? त्या वेलीनंच ना? आता ती निघाली. हिरडी हळूहळू आवळेल, फट थोडी राहील. पण दुसरी बाजू तशीच ठेवू नका."

"आणि नाही आवळली तर?"

"तर तेही मी तुम्हाला खरं सांगेन."

येते म्हटलं. झोप मात्र नाही.

१६ ऑक्टोबर

ब्रश केला. उजवीकडे रक्त नाही. डावीकडे आहे. दोनदा बघितलं.

२० ऑक्टोबर

डावी बाजू झाली. सुईची भीती वाटत होती, तिनं बधीर करताना हात धरला. जाताना दाताच्या फटीत घालायचे बारीक ब्रश दिले, आरशासमोर करून दाखवायला लावलं. थेट सिस्टरांचा वर्ग!

"आणि दर तीन महिन्यांनी इथे यायचं."

"जन्मभर?"

"दात जन्मभर हवेत ना?"

२७ ऑक्टोबर

उद्या कळणार. चर्चमध्ये सेंट अपोलोनियापुढे मेणबत्ती लावली. दातांची संत. तिचेच दात छळ करून पाडले होते, आणि तिच्याकडेच मागायचं! शाळेत हसायचो आम्ही.

आज पेल्यावर टॉवेल टाकला नाही. पाहिलं नीट. उद्या 'काढा' म्हणाले, तर शेजारी माझा पेला. मग बाकीचे किती दिवस? आई हसताना तोंडावर हात धरते. सफरचंद चमच्यानं खरवडून खाते. लहान असताना तोच खरवडलेला गर ती मला भरवायची, आणि मला वाटायचं, सफरचंद असंच खातात.

२८ ऑक्टोबर

राहणार!

एमरनं पुन्हा सळई घातली. सातचे चार झाले आहेत. डॉक्टर म्हणाले, दोन्ही दात आतून तारेनं शेजारच्यांना बांधून ठेवू, पुढच्यांनी कडक चावायचं नाही, आणि सफाई चुकवलीत तर पुन्हा इथेच याल. चुकवणार नाही. जानेवारीअखेरची वेळ घेऊनच निघाले.

घरी आले तर आईनं आधी माझं तोंडच उघडायला लावलं. चष्मा चढवला, बोटानं एकेक दात चाचपला. नंतर खोलीत जाऊन दार लावून बसली. मला वाटलं, दमली.

३१ ऑक्टोबर

हॅलोविन. गोड पाव भाजला, रिवाजाप्रमाणे आत अंगठी घातली — जिला सापडेल तिचं लग्न. फर्गल म्हणाला, "अंगठी दाताखाली आली, तर एमरला काय सांगशील?" त्यानं दरवर्षीसारखं दाराच्या चौकटीला दोरीनं सफरचंद टांगलं, हात मागे बांधून चावायला. मला पुढच्या दातांनी मनाई, म्हणून बाजूनं धरायला गेले. ते हनुवटीवर आपटून गोल फिरलं. खूप हसलो. आज ओठ मिटले नाहीत माझे.

आई खुर्चीतून बघत होती. एकदम म्हणाली, "असं नाही गं. खालून यायचं, आणि एकदम धरायचं. मी दरवर्षी जिंकायची."

"तू? कधी?"

"लग्नाआधी."

फर्गल म्हणाला, "वा, सासूबाई!" आणि तिच्यापुढे पाव ठेवला.

मी मात्र भांडी घासताना तेच घोळवत राहिले. किडक्या दातांनी? टांगलेलं सफरचंद?

२ नोव्हेंबर

मृतात्म्यांचा दिवस. आईला आजोबांच्या कबरीवर नेलं. फुलं ठेवली, प्रार्थना झाली. मी परतायला निघाले, तरी ती दगडावरचं नाव बघत तशीच उभी.

"माझा एकही दात किडका नव्हता, अट्रॅक्टा," ती म्हणाली. "एकसुद्धा नाही."