नऊशे पाव

मंगळवार, ३ तारीख

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी टकळी खुशाल आहे. आई रोज तुझी आठवण काढते आणि राग माझ्यावर काढते. बाबा मात्र तसेच. क्रांतीच्या फौजेत गेलेला मुलगा आपला नव्हे, असं गिऱ्हाइकांनाही ऐकवतात. पत्र लिहायला हरकत नाही म्हणाले, पण लढाईचं अक्षर नको, फक्त बेकरीच्या बातम्या! पाकीट चिकटवण्याआधी स्वतः वाचणार आहेत.

तर घे बातम्या. भट्टीचं दार पुन्हा निखळलं. तुझ्या जागी मी पीठ मळते. माझे दंड बघशील तर घाबरशील! सरकारी छावणीला रोजचे तीनशे पाव जातात.

कधी रे येशील? माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी टकळी

शुक्रवार, ६ तारीख

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

अगं बाई, तू काय पाठवलंस ठाऊक आहे का? तुझे ‘तीनशे’ कुणीतरी खोडलेत आणि वर ‘नऊशे’ लिहिलंय. जाड, बोथट पेन्सिलीनं. अशी पेन्सिल आपल्या घरात एकाच कानामागे असते!

शिपायाला माणशी दोन पाव, हे आपल्या मांजरालाही पाठ आहे. तीनशे म्हणजे दीडशे शिपाई. आम्ही दोनशे जण उद्या छावणीवर तुटून पडणार होतो. नऊशे म्हणजे साडेचारशे! मी पत्र घेऊन धावत आमच्या म्होरक्याकडे गेलो. तो म्हणाला, चूक असेल. मी म्हटलं, माझा बाप माझं तोंड बघणार नाही, पण पावाचा आकडा चुकवणार नाही. हल्ला रद्द झाला. मी जिवंत आहे गं!

बाबा आमच्या बाजूनं झाले का? विचार आणि लगेच कळव.

आईला नमस्कार. तू भांडत राहा, तशीच आवडतेस.

दादा

सोमवार, ९ तारीख

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी रडले आणि नाचलेसुद्धा! माझं पत्र लिहून झालं त्याच संध्याकाळी छावणीत नवी पलटण आली होती. जादा पावांचं बाबांनी मला तोवर सांगितलंच नव्हतं. धीर करून विचारलं, तर म्हणाले, आपल्या दुकानातून चुकीचा आकडा बाहेर जात नाही. एवढं बोलून भट्टीकडे तोंड फिरवलं. डोळे लाल दिसले. आई म्हणाली धुरानं असतील, आणि इतक्या दिवसांनी हसली.

जिवाला जप. तुझ्याशी भांडायला दुसरं कोण आहे मला?

टकळी

शनिवार, १४ तारीख

चिरंजीवास आशीर्वाद.

तुझी बहीण रस्त्यावर नाचायला गेली आहे, म्हणून मी लिहितो. तो आकडा तुला थांबवायला लिहिला. तुझ्या लढाईला माझा विरोध होता आणि आहे. छावणीतली पोरंही माझेच पाव खातात. त्यांनी तुझ्यावर बंदूक रोखावी आणि तू त्यांच्यावर, हे मला बघवलं नसतं.

आज सकाळी छावणीची गाडी आली नाही. जाऊन पाहिलं. फाटक सताड उघडं, आत चिटपाखरू नाही. राजधानी पडली म्हणतात. शिपाई वर्दी टाकून आपापल्या घरी गेले. एक गोळी सुटली नाही. आई दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगते आहे.

नऊशे पाव ओट्यावर पडलेत. संध्याकाळपर्यंत मऊ राहतील. तुम्ही दोनशे, म्हणजे माणशी साडेचार. सगळ्यांना घेऊन ये, शिळे होऊ देऊ नकोस. पिठाची गाडी तुमच्या डोंगराकडे निघाली आहे, तिच्याबरोबर हे पत्र देतो.

गेलास तेव्हा मागच्या दारानं गेलास. येताना पुढच्या दारानं ये.

बाबा