धूपगडावर नेलेल्या लंबी रोट्या

माय, काल मी लंबी रोटी केली. तू हसशील म्हणून आधीच सांगून टाकते, पहिल्या तीन फाटल्या आणि चौथी मडक्यावरून घसरून थेट विस्तवात गेली. गच्चीवर विटांची चूल मांडली, त्यावर मडकं पालथं घातलं आणि तुझ्यासारखी कणीक हातावर झुलवायला गेले, तर ती कोपरापर्यंत येऊन तिथेच चिकटून बसली. नातू खाली लोळून हसत होता. तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता दहा वर्षांनी मोठी आहे, शाळेत मुख्याध्यापक होऊन रिटायर झाले, चारशे पोरं एका नजरेत गप्प करायची, पण तुझी रोटी काही मला वश झाली नाही. तरी पाचव्यापासून जमल्या. काल कॉलेजातली मैत्रीण पुण्याहून यायची होती. आम्हा चौघींतली उंच ती. धूपगडावर माझ्याबरोबर होती.

तो दिवस तुला आठवत असेलच, कारण मला पाठवायचं तूच ठरवलं होतंस. बाबा नको म्हणत होते. खेळाच्या बाई आणि आम्ही चौघी, पाठीवर सामान घेऊन सातपुड्यातलं सगळ्यांत उंच शिखर चढणार, वर मुक्काम करून सकाळी सूर्य बघणार, हे ऐकून तू आधी पोट धरून हसलीस. "आपण देव सोडून दिले, अन् हे पोरगी महादेवाच्या डोंगरात जाऊन राहिली!" धम्मदीक्षेच्या वेळी मी तुझ्या कडेवर होते, त्यामुळे ही थट्टा मला चालायची. मग तू मिलमधून, सूत गुंडाळायच्या तुझ्या रीळ खात्यातल्या कुणाच्या तरी नवऱ्याची, कॅनव्हासची थैली आणलीस आणि तिला पाठीवर घ्यायचे पट्टे शिवलेस. निघायच्या दिवशी मी उठले तेव्हा तू चुलीपुढे बसलेली. कणकेचा गोळा तू या हातावरून त्या हातावर टाकतेस, तो लांबतो, धोतराच्या सोग्यासारखा लोंबतो, आणि एका झटक्यात मडक्यावर पसरतो. त्या वाफेत तुझा चेहरा घामेजलेला. शेजारी भिवापूरच्या मिरचीची, लसूण घातलेली चटणी.

"माय, इतक्या कशाले वं?"

"पाच जणी आहा ना तुम्ही? डोंगर चढल्यावर भूक काय एकट्या तुलेच लागन? थंडीचे दिवस आहेत, दोन दिवस काही होत नाही. डबा सगळ्याईच्या मधात ठेवजो अन् घ्या म्हणजो."

नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की, जपून राहा, आपलं पुढे करू नकोस, असं तूच मला शिकवलं होतंस. साफ खोटं. तू शिकवलं होतंस ते हे.

पहिल्या दिवशी छिंदवाड्याला बस बदलून पचमढीला पोचलो, बाईंनीच सगळ्यांचं जेवण आणलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चढायला लागलो. आता फुशारकी मारते, पण ती खरी आहे. सगळ्यांच्या पुढे मी होते. नळावरून दोन-दोन गुंड पाणी आणणाऱ्या पोरीला तो चढ म्हणजे काय! उंच मैत्रीण धापा टाकत म्हणाली, "तू काय बकरी आहेस का गं?" अर्ध्या वाटेवर एका झऱ्याशी पाणी प्यायला बसलो, तेवढ्यात वानरांची टोळी आली आणि रात्रीच्या जेवणाची, ब्रेड-बटाट्यांची अख्खी पिशवी घेऊन झाडावर गेली. बाई खालून हिंदीतून शिव्या देतायत आणि वानर वरून शांतपणे ब्रेड सोलतंय. आम्ही हसून हसून बेजार झालो. वर पोचेपर्यंत ते हसू पार आटलं.

वर इंग्रजांच्या वेळचा जुना बंगला आहे. त्याच्या व्हरांड्यात आम्ही बसलो. समोर डोंगरामागे डोंगर, सूर्य बुडत चाललेला, आणि पाच जणींमध्ये बिस्किटांचा एक पुडा. बाई म्हणाल्या, "कुणाच्या थैलीत काही आहे का गं?"

मी म्हटलं, "नाही, बाई."

माय, मी विचार करूनसुद्धा म्हटलं नाही. तोंडातून निघून गेलं. ब्रेड असता, पुरी असती, तर मी सगळ्यांच्या आधी डबा उघडला असता. पण लंबी रोटी कुठल्या वस्तीत होते हे नागपुरात कुणाला सांगावं लागत नाही. तसं हजेरीत आडनाव रोज पुकारलं जायचं, ज्यांना कळायचं त्यांना कधीच कळलं होतं. त्या तिघी तर माझ्याच वाटीतून चिवडा खायच्या. तरी घरचं अन्न पुढे करायचं आणि एखादीचा हात मधेच थांबलेला बघायचा, याची मला भीती वाटली. कड्याच्या टोकावर पाय सोडून बसलेली मी, एका डब्याला भ्याले. थैली मांडीखाली दाबून बसले आणि वाट्याची दोन बिस्किटं खाल्ली. उंच मैत्रीण म्हणाली, "मला लसणाचा वास येऊन राहिला." मी म्हटलं, खाली कुणीतरी चूल पेटवली असेल. त्या डोंगरावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

सकाळचा सूर्य सुंदर होता असं म्हणतात. मी पाहिला, पण माझं सगळं लक्ष थैलीतल्या डब्यावर होतं. उतरताना चप्पल तुटल्याचा बहाणा करून मागे राहिले आणि सगळ्या रोट्या एका दगडावर ठेवल्या. दरीत फेकवल्या नाहीत. थोडं पुढे जाऊन वळून पाहिलं, तर वानरं आली होती.

घरी आले तेव्हा तू नळावर होतीस. माझ्या आधी डबा घेतलास, उघडलास, रिकामा पाहिलास.

"खाल्ल्या त्याईनं?"

"खाल्ल्या. पुरल्या नाहीत."

तुझा चेहरा असा उजळला की नळावरच्या बायका वळून बघायला लागल्या. पुढे आठवडाभर रीळ खात्यात तुझ्या रोट्या धूपगडावर गेल्याची गोष्ट चालली. "त्या पोरींले घरी बोलाव, गरम खाऊ घालतो," म्हणालीस. मी परीक्षा आहे म्हटलं. परीक्षा नव्हती. तू पुन्हा विचारलंस, मी पुन्हा काहीतरी काढलं, आणि सहा वर्षांनी तू गेलीस, त्यांना न जेवू घालताच. याचं मला आजही वाईट वाटतं.

काल उंच मैत्रीण गच्चीवर चुलीजवळ पाट घेऊन बसली. पहिला घास लसणाच्या चटणीला लावून घेतला आणि थांबली. "हाच तो वास," म्हणाली. "त्या दिवशी तुझ्या थैलीत हेच होतं. आम्हाला तिघींनाही कळलं होतं. मी तुला आजपर्यंत कंजूस समजत आले."

मी तिला सगळं सांगितलं. तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मग म्हणाली, "मूर्ख कुठली! मी त्या दिवशी भुकेनं रडकुंडीला आले होते." आणि फाटक्या तिन्हीसुद्धा खाऊन टाकल्या. काल खरंच पुरल्या नाहीत, माय.

तुला वाचता येत नव्हतं. घरी आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला मोठ्यानं वाचून दाखवायची. म्हणजे हेही तुझ्यासमोर बसून मलाच वाचावं लागलं असतं. मैत्रिणीला सांगितलं, तुला सांगवणार नाही. आज तू पुन्हा नळावर डबा उघडून विचारलंस, तर मी तेच म्हणेन, खाल्ल्या, पुरल्या नाहीत. तुझा तो चेहरा मला अजून एकदा पाहायचा आहे.