लाल घेवड्याचे बारावे कार्ड

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, निवृत्त चित्रकला शिक्षिका, पूर्ण शुद्धीवर असून हे स्वखुशीने लिहीत आहे. खुशी कसली? उद्या सकाळी आठला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे.

१. राहते घर मुलगा व सून या दोघांच्या नावे. गॅलरीतल्या कुंड्या घराबरोबरच राहतील.

२. बँकेतली ठेव मुलीला. कमी वाटली तर तिने मनातच म्हणावे.

३. माझे टाक, ब्रश आणि रंगपेट्या वस्तीतल्या बियाण्यांच्या वाचनालयाला. तिथून पुडी न्यायची, पेरायची, पीक आले की बी परत द्यायचे. प्रत्येक पुडीसोबतचे माहितीकार्ड मी केले: चित्र, पेरणीचा महिना, किती खोल, किती पाणी. वाचनालयाचे चिटणीस म्हणायचे, "बाई, हे बघून पेरायचं की भिंतीवर टांगायचं?" त्यांच्या हाती माझा टाक पडू नये.

४. लाल घेवड्याच्या कार्डावर शेवटी एक ओळ होती: 'दाणे कच्चे खाऊ नयेत, विषबाधा होते, खळखळून उकळावेत.' ती समासात घुसत होती. मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टर समास मोडला की अख्खे पान पुन्हा लिहून घेत. अजून मला त्यांच्या बुटांचा आवाज ऐकू येतो. मी ओळ गाळली. वाटले, एवढे कोणाला ठाऊक नसते?

बारा कार्डे गेली. पुढे एका बाईंनी विचारले, "कोवळे दाणे मुलांना नुसते दिले तर चालतील ना?" तेव्हा ती गाळलेली ओळ आठवली. "रंग फिका पडलाय हो," असे खोटे सांगून मी अकरा कार्डे परत आणली. बाराव्यापुढे नोंदवहीत नुसते 'बालवाडी' लिहिले आहे. वस्तीत बालवाड्या चार. शेंगा आता भरल्या असतील. डोळे मिटले की चिमुकल्या मुठी दिसतात.

माझ्या पश्चात सुनेने ते कार्ड शोधावे आणि

इथवर आले तोच सून पाठीमागून म्हणाली, "पश्चात? अहो आई, पोरांनी काय तोवर थांबायचं?"

"मला लाज वाटते गं. एवढी शिकवणारी बाई, आणि..."

"लाजा मग, हवं तेवढं. आधी सांगा, बालवाड्या सुटतात कधी?"

"पाचला."

"म्हणजे तास आहे. चारही बघते."

"माझंच चुकलं म्हणून सांग. वाचनालयाला दोष येऊ देऊ नकोस."

"सांगते. फोन उशाशी ठेवा, आणि रडू नका, छातीवर ताण येतो." चपला धड न घालताच ती गेली.

५. कलम चारमधले 'माझ्या पश्चात' हे शब्द मी खोडले आहेत. बाकी सारे कायम.

स्थळ: रुग्णालय, दुसरा मजला, खिडकीजवळची खाट.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, गुरुवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिल्या: शेजारच्या खाटेवरच्या शिंपीणबाई. (सही)

साक्षीदार दुसऱ्या: वॉर्डातल्या परिचारिका. त्या दोनदा येऊन गेल्या. मी म्हटले, "सिस्टर, जरा थांबा. सुनेचा फोन येऊ दे, मग आपण दोघी सही करू." माझी तर आधीच झाली होती, विसरलेच.