प्रोकोपीच्या तंबूचा धूर

ओलोकान नदीकाठ, २८ ऑगस्ट

ती. ग्लाफिराताईस, धाकट्या प्रोकोपीचा शि. सा. न.

वणव्याचं तुला कळलंच असेल. डोंगरावरचं सगळं रान गेलं. तुझी भावजय, माझी वार्वाराही गेली. रेनडिअरची पाडसं बांधलेली होती, ती सोडायला मागे फिरली. मी ओरडलो, तर म्हणाली, तुम्ही कळप घेऊन पुढे व्हा, मी आलेच. पाडसं आली. तिला नदीच्या वळणावर पुरलं. कळप वाचला.

तुझी माया आहे, तेवढी राहू दे.
प्रोकोपी

याकुत्स्क, १२ सप्टेंबर

चि. प्रोकोपीस अ. उ. आ.

वार्वारा गेली हे मनाला पटतच नाही रे. माझ्या फ्लॅटला नावं ठेवायची ती एकटीच. म्हणायची, ताई, या डब्यात तुम्ही गुदमरत कशा नाही?

आता तिथे एकट्याने काय करणार? इकडे निघून ये. रान दोन-तीन वर्षांत हिरवं होतं म्हणतात. हट्टी तू जन्माचाच. या वेळी तरी ऐक.

तब्येत सांभाळ, आणि बहिणीवर रागावू नकोस.
ताई

ओलोकान, ४ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

हिरवं होईल गं. आधी गुलाबी फुलं, मग भूर्ज, मग लार्चची रोपं. पण हिवाळ्यात जनावरं जगतात ती जमिनीवरच्या पांढऱ्या दगडफुलावर. ते परत यायला माणसाचा जन्म जातो. बर्फ उकरून उकरून त्यांची तोंडं काळी झाली. खाली नुसता कोळसा. माद्या गाभण. शेवटी कळप घाटापलीकडे, जिथलं रान जळलं नाही, तिथल्या सिम्योनदादाला देऊन टाकला. तो म्हणाला, तूही राहा. मी नको म्हटलं. वार्वारा इथे आहे.

रागावलेलो नाही. लोभ ठेव.
प्रोकोपी

ओलोकान, १९ जून

ती. ताईस शि. सा. न.

कळप परत आला, आपणहून. डास सुटले की जनावरं धुराशी येऊन उभी राहतात. माझ्या तंबूचा धूर शोधत घाट उतरून आली. सिम्योनदादा हाकून घेऊन गेला, तर पुन्हा हजर. इथली सवय पडली तर हिवाळ्यात उपाशी मरतील. मी दगड मारले. वार्वाराच्या हातचं मीठ खाणारी मादी दगड लागूनही हलली नाही. तिला वाटलं, मी खेळतोय.

दादा म्हणाला, त्यांना कशाला मारतोस, तुझी चूल पेटते तोवर ती येणारच.

आज चूल विझवली, राखेवर पाणी ओतलं. नदीच्या वळणावर जाऊन आलो. जातो म्हणवेना, म्हणून येतो म्हटलं.

पुढच्या बोटीने तुझ्याकडे निघतोय. सांभाळून घे.
प्रोकोपी