हत्तीचे डोळे

पांडेसरा, सुरत
दि. ११ फेब्रुवारी २०२५

ती. भाईदासदादांना भिकनचा नमस्कार.

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून पत्र बाजूला टाकू नका. गुडघे कसे आहेत? शिंदखेड्याला लेकीकडे, शीतलकडे राहता असं गावच्या मारुतीने सांगितलं. पत्ताही त्यानेच दिला.

मी बरा आहे. आमचा मुलगा योगेंद्र हजीऱ्याला कंपनीत लागला, बायकोमुलांना घेऊन तिकडेच राहतो. रविवारी फोन येतो. नातू हिंदीत बोलतो, मी मराठीत. दोन मिनिटांत आमचं बोलणं संपतं.

काम चालू आहे. धर्मेंद्रशेठने यंदा एका बागेसाठी फायबरचा हत्ती करायला घेतला. चौदा फूट उंच! महिनाभर परांचीवर होतो. तुम्ही शिकवलंत तसंच केलं, नुसता राखाडी फासला नाही. खाली काळपट निळा, वर कोरड्या ब्रशने मातकट, कानांच्या कडांना आणि सोंडेच्या मुळाशी गुलाबी ठिपके. सोंडेच्या सुरकुत्यांनाच पाच दिवस गेले. शेठच्या शेडमध्ये आता सगळे स्प्रेने रंग मारणारे. कानात गाणी लावून काम करतात. "बघा, कसं झालंय" म्हणायला मान वळवली की मागे कोणी नसतं.

डोळे मात्र मी शेवटासाठी राखून ठेवले होते. वीस वर्षं डोळे तुम्हीच काढलेत. काढून झाले की खाली उतरून समोर उभे राहायचात आणि विचारायचात, "भिकन, हाऊ माले दखी राह्यना का?" हो, तो तुमच्याकडेच बघतोय, असं मी म्हटल्याशिवाय चहाला हात लावत नव्हतात.

डोळे कधी काढणार म्हणून शुक्रवारी शेठ ओरडला, "काका, रविवारे उद्घाटन छे, आंख क्यारे करशो?" तीनदा काढले, तीनदा पुसले. चौथ्यांदा तसेच राहू दिले.

दादा, आता लिहितोच. शेठने तुम्हाला कामावरून आपल्या मनाने काढलं नाही. सुंदरावहिनींचं तेरावं करून तुम्ही परत आलात, त्या दिवशी सिंहाचे डोळे काढताना तुमचा हात थरथरला. शेठने मला बाजूला घेऊन विचारलं, "भाईदासकाकांचा हात गेला का?" मला कारण माहीत होतं. वहिनी गेल्यापासून तुम्ही धड जेवलाही नव्हतात. मी म्हणालो, "वय झालं त्यांचं." मला मुख्य पेंटर व्हायचं होतं. झालो. तुम्ही गावी निघालात त्या सकाळी मी मुद्दाम लवकर शेडवर गेलो.

परवा उद्घाटन झाल्यावर मी शेठला हे सगळं सांगितलं. मोबाइलमधून मान वर न करता तो म्हणाला, "जूनी वात छे काका, जवा दो ने." जुनी गोष्ट आहे, जाऊ द्या म्हणे; त्याला तो दिवससुद्धा आठवत नव्हता. म्हणजे हे ऐकून घ्यायला आता तुमच्याशिवाय कोणी नाही.

लोक हत्तीपुढे फोटो काढतात, पोरं खूश आहेत. मी चारी बाजूंनी उभा राहून पाहिलं. तो कोणाकडेच बघत नाही.

तुम्ही या, असं म्हणायला मला तोंड नाही. मीच शनिवारी शिंदखेड्याला येतो. शिव्या दिल्यात तरी ऐकेन. काहीच बोलला नाहीत, तर घटकाभर ओट्यावर बसून संध्याकाळच्या गाडीने परत फिरेन.

तुमचा म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
भिकन